ठाण्याची वेस

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण. बोलताना वेळेअभावी गाळलेला मजकूर लिहिताना घातला आहे.)



मला विषय दिलाय 'पोलीस दल आणि समता'. हा विषय ऐकून तुमच्यातलं कुणी हसलं तर मला राग येणार नाही. आपल्या वस्तीत पोलीस येतो तो समता घेऊन येत नाही. तो व्हॅन घेऊन येतो. रात्री दोनला दार वाजतं ते आपलंच वाजतं, समोरच्या टॉवरचं वाजत नाही. पोलीस म्हटलं की आपल्या आया आधी पोरं मोजतात, कोण घरात आहे, कोण बाहेर आहे. तेव्हा हसणं बरोबरच आहे.

पण हसून विषय संपत नाही. रोज पहाटे आपल्या मैदानात पोरंपोरी धावतात. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे. मग शंभर मीटर, मग गोळाफेक. ५० मार्कांची मैदानी, १०० मार्कांची लेखी. बाप हमाल, आई धुणंभांडी करणारी, आणि पोरगं बूट फाटेस्तोवर धावतंय. कशासाठी? खाकीसाठी. आणि आपल्यातलेच काही कार्यकर्ते कट्ट्यावर बसून त्यांना म्हणतात, चालले बघा साहेबाचे बूट चाटायला. दुसरे म्हणतात, अरे नोकरी मिळतेय, पगार मिळतोय, पेढे वाटा, तुमची चळवळ घाला चुलीत.

मला वाटतं, दोन्हीकडचे अर्धं बोलतात. उरलेलं अर्धं आज बोलायचं आहे. मी दहावी पास. शिपाई भरतीला बारावी लागते. म्हणजे मी स्वतःच्या नोकरीसाठी वकिली करायला उभा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिली गोष्ट इतिहासाची. खाकी म्हणजे आपल्याला परकी वस्तू, असं आपण समजतो. खोटं आहे ते. या महाराष्ट्राच्या गावगाड्यात रात्रीचा पहारा कोण करत होता? वेसकर. वेशीवर थंडीवाऱ्यात उभा कोण? महार. चोराचा माग काढायचा, सरकारी खजिना पोचवायचा, पाटलाचा निरोप घेऊन कोसभर पळायचं, परका माणूस गावात आला तर वर्दी द्यायची, बेवारशी प्रेत राखत बसायचं. आज ठाण्यातला शिपाई जे करतो त्यातलं अर्धं काम आपल्या आज्यापणज्यांनी केलं. पगार काय? शिळ्या भाकरीचा तुकडा आणि हाडकी हाडवळ्याचं वतन. काठी हातात होती, पण त्या काठीला घुंगरू बांधलेलं, का तर सावली पडू नये. गावाची राखण करणारा माणूस गावाच्या आत राहू शकत नव्हता. वेस राखायची आणि वेशीच्या बाहेर मरायचं. हे वतन कायद्याने मोडायला १९५८ साल उजाडावं लागलं. आणि बाबासाहेब १९२८ पासून ते मोडायला कौन्सिलात बिल घेऊन उभे होते.

म्हणून मी म्हणतो, काम आपलं होतं, अधिकार त्यांचा होता. पोलीस दलातल्या समतेचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. आजही ठाण्यात बघा, उन्हात बंदोबस्ताला कोण उभं आहे आणि खुर्चीवर पेन घेऊन कोण बसलंय.

गोरा साहेब आला. त्याने महारांना पलटणीत घेतलं, गरज होती तोवर वापरलं, आणि १८९२ साली दार लावून घेतलं. का? तर नव्या सिद्धांताप्रमाणे काही जाती लढाऊ आणि काही नालायक. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांनी अर्ज लिहिला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. त्यात मागणी काय होती? आम्हाला सैन्यात घ्या आणि पोलिसात शिपाई म्हणून घ्या. शंभराहून जास्त वर्षं झाली. आपल्या पोरांचं मैदानात धावणं तेव्हापासून चालू आहे, हे ध्यानात घ्या.

आणि बाबासाहेब. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी निवेदन दिलं. सैन्य, आरमार आणि पोलीस, तिन्हींत भरतीचा हक्क मागितला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी मागितलं की प्रत्येक जिल्ह्याला अस्पृश्यांमधला एक खास पोलीस इन्स्पेक्टर नेमा. हे नीट ऐका. शिपाई नव्हे, इन्स्पेक्टर. म्हणजे ज्याच्या हातात तपास आहे, ज्याच्या सहीने कागद पुढे जातो, तो. बाबासाहेबांना ठाऊक होतं की गावात सवर्णांनी बहिष्कार टाकला, विहीर बंद केली, कुडाला आग लावली, तर पंचनामा लिहिणारा हात कुणाचा यावर सगळं ठरतं. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपल्या लोकांची डोकी फुटल्याला तेव्हा वर्षच झालं होतं. मागणीमागे अनुभव होता.

दुसऱ्या बाजूला ज्यांना पोलिसाने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं ते आपले भाऊ. १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज कायदा. जात सांगितली की गुन्हा शाबीत. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, तारेच्या कुंपणात राहायचं. सोलापूरची सेटलमेंट आठवा. इथे मला शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ही हजेरीची पद्धत बंद केली, आणि ज्या फासेपारध्यांना बाकीचं जग चोर म्हणत होतं त्यांनाच स्वतःच्या पहाऱ्यावर ठेवलं. समतेचं भाषण नाही केलं. राजाने स्वतःची मान त्यांच्या भरवशावर टाकली. पोलीस दलातल्या समतेवर हल्ली साहेब लोक कार्यशाळा घेतात, चहा-बिस्किट होतं, फोटो निघतो. त्यांना कोल्हापूरचा हा धडा कुणीतरी द्या.

तो १८७१ चा कायदा १९५२ साली गेला. माणसं विमुक्त झाली. पण १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्याच्या डोक्यातली वही तशीच राहिली. कुठे घरफोडी झाली की पारध्याच्या पालावर धाड. २०२४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या जातीभेदावर निकाल दिला, त्यात विमुक्तांना मनमानी अटक करू नका असं पोलिसांना बजावावं लागलं. म्हणजे कायदा मेल्यावर ७२ वर्षांनी कोर्ट सांगतंय की त्याचं भूत उतरवा.

आता आजचं बोलू. कागदावर काय आहे? अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७, विमुक्तांना ३, आणि असेच पुढे. बायांना ३० टक्के समांतर आरक्षण. हे कुणी दान केलेलं नाही. ते घटनेतून आलं, लढून आलं. त्यामुळे आज दर भरतीत आपली पोरं दिसतात, पोरी दिसतात. बाईला तक्रार द्यायला गेल्यावर समोर बाई पोलीस दिसते, ही साधी गोष्ट नाही. १९७२ साली गडचिरोलीकडे देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी पोरीवर ठाण्याच्या आतच पोलिसांनी बलात्कार केला. सुप्रीम कोर्टाने आरोपी सोडले. देशभर बाया रस्त्यावर आल्या तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला. तेव्हा ठाण्यात बाई असणं ही शोभेची वस्तू नव्हे.

पण वरच्या पायऱ्या बघा. भरतीने शिपाई होता येतं, बढतीशिवाय साहेब होता येत नाही. बढतीतलं ३३ टक्के आरक्षण २००४ च्या शासन निर्णयाने आलं. २०१७ च्या ऑगस्टात हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. मग ७ मे २०२१ चा शासन निर्णय आला, सगळ्या जागा सेवाज्येष्ठतेने भरा. तोंडाने सगळे फुले-शाहू-आंबेडकर म्हणतात, आणि शिडीच्या मधल्या पायऱ्या काढून घेतात. खाली उभा राहा, वर बघ, सलाम ठोक. वेसकराची गोष्ट पुन्हा तीच.

बरं, ठाण्यात गेलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तरी सांगतो, कारण कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. आमच्या चाळीतल्या एका मावशीला जातीवरून शिवीगाळ झाली, मारहाण झाली. मी तिच्याबरोबर एका ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, नाव काय. नाव सांगितलं. दुसरा प्रश्न, आडनाव काय. आडनावात जात सापडली नाही. तिसरा प्रश्न, गाव कुठलं. तरी सापडेना. चौथा प्रश्न, कुठल्या चाळीत राहता. मग सापडली. त्याच्या चेहऱ्यावर हिशोब जुळल्याचं समाधान दिसलं. मावशीच्या डोक्यातून रक्त येत होतं आणि तो जात शोधत होता. जात सापडल्यावर म्हणाला, आपसात मिटवा, ॲट्रॉसिटी म्हणजे लांबचं प्रकरण आहे. एनसी लिहून हातात दिली. म्हणजे अदखलपात्र. मारणाऱ्याच्या दृष्टीने आपण अदखलपात्रच आहोत, ठाण्याने फक्त शिक्का मारला.

दखलपात्र गुन्हा लिहायला भाग पाडलंच, तर दुसऱ्या दिवशी समोरच्याची उलटी तक्रार येते. यांनी दरोडा घातला, विनयभंग केला. मग दोन्हीकडून कागद, आणि मग समेट. ही युक्ती गावोगाव तीच आहे. जणू कुणीतरी छापून वाटलीय.

आता कायद्यात काय लिहिलंय ते ऐका. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, लागू झाला ३० जानेवारी १९९० ला. नियम १९९५ चे. त्यातला १३ वा नियम आपल्यातल्या किती जणांनी वाचलाय? हात वर करा. बघा, दोन हात. त्या नियमात लिहिलंय की प्रशासनात आणि पोलीस दलात सर्व पातळ्यांवर, आणि मुद्दाम चौकी आणि ठाणे या पातळीवर, अनुसूचित जातीजमातींच्या माणसांना पुरेसं प्रतिनिधित्व मिळेल हे राज्य सरकारने बघायचं. बाबासाहेबांनी १९२८ ला जे मागितलं त्याचाच हा नातू आहे. आणि तो धूळ खात पडलाय. ७ वा नियम सांगतो, तपास डीवायएसपीच्या खालचा अधिकारी करणार नाही. १७ वा नियम सांगतो, कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती, दर तीन महिन्यांनी बैठक. १६ वा सांगतो, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्याची समिती, वर्षातून दोनदा. आणि कलम ४. जो सरकारी नोकर, दलित-आदिवासी नसलेला, जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करील त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद. तक्रार लिहिली नाही, वाचून दाखवली नाही, नक्कल दिली नाही, तर ही कसूर आहे असं २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं. कलम आहे, पण ते लावण्याआधी खात्याची चौकशी हवी. म्हणजे मांजराने मांजराची चौकशी करून सांगायचं की दूध कुणी प्यालं.

इथवर तुम्ही टाळ्या वाजवल्या. आता पुढचं बोलतो ते कडू आहे.

आपला माणूस ठाण्यात बसवला की समता आली, हे मी मानत नाही. २९ सप्टेंबर २००६. खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं ठेचून मारली. गावापासून ठाणं काही दुसऱ्या देशात नव्हतं. वेळेवर पोलीस गेले नाहीत, पंचनामा धड नाही, शवविच्छेदन धड नाही. आणि नंतर काय उजेडात आलं? त्या साखळीतले कितीतरी अधिकारी-कर्मचारी आपल्याच समाजातले होते. आनंद तेलतुंबड्यांनी हे लिहिलं तेव्हा आपल्याच लोकांना ते झोंबलं. झोंबू दे. जात फक्त माणसाच्या रक्तात शोधू नका. ती खुर्चीत असते, फायलीत असते, वरून येणाऱ्या फोनमध्ये असते. त्या खुर्चीवर आपला माणूस बसला तरी फोन तोच येतो. गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब तोच असतो. बदलीची तलवार तीच असते. एकटा पोरगा काय करील? गोदीत आम्ही बघतो ना. उचललेलं ओझं जास्त आहे हे एका हमालाला कळतं. तो एकटा ओरडला तर मुकादम त्याला उद्या कामावर घेत नाही. सगळी टोळी खाली बसली तर विंच थांबते.

आणि शिपायाला टोळी नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसाच्या संघटना करण्याच्या हक्कावर बेड्या घातल्या. १९८२ साली याच मुंबईत पोलीस शिपायांनी १५ ऑगस्टला काळ्या फिती लावल्या. मागणी काय होती? माणसासारखं वागवा. १८ ऑगस्टला सरकारने त्यांची संघटना मोडली, पुढारी उचलले, शहरात सैन्य आणलं. त्याच वर्षी गिरणीचा संप चालू होता. एका चाळीत एक भाऊ गिरणीत, एक भाऊ पोलिसात, दोघेही एकाच वेळी चिरडले गेले आणि दोघांना एकमेकांचा हात धरता आला नाही. आठ तासांची पाळी गोदीत, गिरणीत लढून मिळाली होती. मुंबईच्या पोलीस ठाण्यात ती प्रयोग म्हणून सुरू व्हायला २०१६ साल यावं लागलं, तेही एका ठाण्यात, देवनारला. बारा-बारा, सोळा-सोळा तास उभा केलेला, साहेबाच्या शिव्या खाल्लेला शिपाई संध्याकाळी ते ओझं कुणाच्या पाठीवर उतरवतो? आपल्या पाठीवर. मी त्याची माफी मागत नाहीये, त्याची काठी माझ्याही पाठीला माहीत आहे. मी काठीचा प्रवास सांगतोय. वरून खाली.

११ जुलै १९९७. घाटकोपर, रमाबाई आंबेडकर नगर. पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं गेली. गुंडेवार आयोगाने गोळीबाराला आधार नव्हता असं म्हटलं. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप दिली, वरच्या कोर्टात शिक्षा स्थगित होऊन तो जामिनावर सुटला. मला त्या एका माणसापेक्षा बंदुका धरणाऱ्या बाकीच्यांचा प्रश्न पडतो. त्या रांगेत आपलं एखादं पोरगं असतं तर? त्याने घोडा दाबला असता का? मैदानात धावणाऱ्या माझ्या भावाला, बहिणीला मी हा प्रश्न आजच विचारतो, कारण ट्रेनिंगमध्ये कुणी विचारणार नाही. कायदा एवढंच सांगतो की बेकायदा हुकूम पाळला तर हुकूम होता ही सबब वाचवत नाही. बाकीचं तुझ्या काळजाने सांगायचं.

आणि परभणी. १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना. दुसऱ्या दिवशी वस्त्यांत धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, वडार समाजातला भीमसैनिक, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल म्हणाला, अनेक जखमांच्या धक्क्याने. त्याच्या आईला गुन्हा नोंदवायला हायकोर्टात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने गुन्हा नोंदवा म्हटलं, तर सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, आणि तिथे हरलं. संविधान शिकणारा पोरगा संविधानासाठी मेला आणि त्याच्या मरणाची साधी नोंद घ्यायला सात महिने. समता, समता म्हणतात ती ही.

आता आणखी एक. आपण फक्त आपल्या १३ टक्क्यांचा हिशोब करत बसलो तर आपणही जातीचेच कारकून. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीवर श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली अहवाल दिला. पोलिसांच्या मनात मुसलमानांविषयी पूर्वग्रह भरलेला होता, असं त्यात स्वच्छ लिहिलं. बिनतारी संदेशांतले शब्दच पुरावा झाले. त्या अहवालासाठी आपण किती मोर्चे काढले? डिसेंबर २०२२ मध्ये तृतीयपंथी माणसांनी कोर्टात भांडून पोलीस भरतीच्या अर्जात स्वतःची जागा मिळवली. टाळीची चेष्टा ऐकत जगणारी ती माणसं आता मैदानात धावतात. त्यांना बघून आपल्यातली पोरं दात काढत असतील, तर मग आपल्याला कुणी हसलं की चिडायचा हक्क राहात नाही.

परदेशात काय झालं तेही थोडं सांगतो, कारण हा आजार एकट्या आपल्या देशाचा नाही. ज्यांच्या नावावरून १९७२ साली आपल्या थोरल्यांनी आपलं नाव घेतलं, ते ब्लॅक पँथर १९६६ साली ऑकलंडला उभे राहिले. सुरुवातीचं त्यांचं काम काय होतं? पोलिसांवर नजर ठेवणं. पोलीस कुणा काळ्या माणसाला अडवतोय दिसलं की कायद्याचं पुस्तक घेऊन अंतरावर उभं राहायचं आणि त्या माणसाचे हक्क मोठ्याने वाचायचे. त्यांच्याकडे बंदुकाही होत्या. आपल्याला पुस्तक पुरे आहे.

लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स नावाच्या काळ्या पोराचा बसस्टॉपजवळ खून झाला. तपास सडवला. १९९९ साली मॅकफर्सनचा अहवाल आला, त्याने म्हटलं की वर्णद्वेष एखाद्या शिपायाचा दुर्गुण नाही, तो संस्थेतच मुरलाय. मग भरती झाली, शिबिरं झाली, पोस्टरं लागली. २०२३ साली त्याच लंडन पोलिसांवर केसी बाईंचा अहवाल आला, आणि निदान पुन्हा तेच निघालं. चोवीस वर्षं पोस्टरं लावून रोग गेला नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये मात्र जरा वेगळं घडलं. तिथे पोलीस दल जवळजवळ सगळं प्रॉटेस्टंट, कॅथलिक शंभरात आठ. १९९९ साली पॅटन आयोगाने सांगितलं, नुसती माणसं घालू नका, दलच नव्याने बांधा. २००१ मध्ये नाव बदललं, बिल्ला बदलला, शपथ बदलली. भरतीत निम्मे कॅथलिक, निम्मे बाकीचे, असा कायदाच केला. दहा वर्षांत आठाचे तीस झाले. त्याबरोबर तक्रारी तपासायला पोलिसांच्या बाहेरचा अधिकारी बसवला. तिथेही सगळं गोड झालं नाही, २०११ ला तो कायदा थांबल्यावर वाढ मंदावली. पण धडा पक्का आहे. भरती आणि बाहेरची तपासणी, दोन्ही बैल एका जोखडाला लागतात. एकच बैल जुंपला की गाडी गोल फिरते.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २००६ साली प्रकाशसिंह खटल्यात तक्रार प्राधिकरणं नेमा म्हणून सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली. आपल्या वस्तीतल्या किती जणांना त्या प्राधिकरणाचा पत्ता माहीत आहे?

तेव्हा काय करायचं? मी कवी आहे, पण इथे कविता म्हणून सुटका करून घेणार नाही.

एक. मोजा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. आपल्या वस्तीवर ज्या ठाण्याची हद्द आहे तिथे किती पदं, कोणत्या दर्जाची, त्यात अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त, बाया किती, हे लेखी विचारा. १३ वा नियम नाव घेऊन लिहा. उत्तर आलं की भिंतीवर लावा. नाही आलं तर नाही आलं हेही लावा.

दोन. जिल्हा दक्षता समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिचं इतिवृत्त मागा.

तीन. वस्तीत कायद्याचं पुस्तक ठेवा आणि ते वाचता येणारी पाच पोरंपोरी तयार करा. एफआयआरची नक्कल फुकट मिळते. अटक केली तर अटकेचा कागद करावा लागतो, नातेवाइकाला कळवावं लागतं, पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी लागते, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ सालीच डी. के. बासू खटल्यात सांगितलंय. ठाण्यात कॅमेरे लावा, हे २०२० सालचं सांगणं आहे. कुणी ठाण्यात गेलं तर एकटं जाऊ देऊ नका.

चार. जी आपली पोरं खाकीत गेली त्यांना वाळीत टाकू नका. ६ डिसेंबरला शिवाजी पार्काच्या कडेला बंदोबस्ताला उभा असलेला पोरगा रांगेतल्या आईकडे बघून नजर खाली घालतो, हे मी पाहिलंय. त्याला पाणी द्या, जयभीम घाला. त्याच्या बढतीसाठी, त्याच्या आठ तासांसाठी मोर्चा काढा. तो एकटा पडला की साहेबाचा होतो.

आणि जाणाऱ्यांना शेवटचं सांगतो. भावा, बहिणी, जा. बिनधास्त जा. गोळा लांब फेक, पेपर नीट लिही. तुझी जागा १९१० सालापासून मागून ठेवली आहे, ती सोडू नको. पण ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसशील तेव्हा समोर आलेल्या माणसाला आधी पाणी विचार, मग काय झालं ते विचार. आडनाव फॉर्ममध्ये येईल तेव्हा येईल. पारधी असो, मुसलमान असो, तृतीयपंथी असो, समोरच्या टॉवरमधला सवर्ण असो, जे घडलं ते जसंच्या तसं लिही आणि नक्कल हातात दे. वरून फोन आला तर डायरीत वेळ टाकून फोनची नोंद कर. एवढं केलंस तर चळवळीत येऊन घोषणा दिल्या नाहीस तरी चालेल.

आम्ही बाहेर आहोत. तू लिहिलेला कागद दाबला गेला, तर तो शोधायला आम्ही येऊ.

जयभीम.